तलावाच्या दगडावरचा आकडा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि ओढे आपल्या मर्जीनं वळत होते.

त्या काळी एका डोंगराच्या कुशीत एक तलाव होता. तलावाच्या काठाला लागून उगमगाव होतं, आणि बांधाच्या खाली, उतार संपतो तिथं तळगाव होतं. उगमगावाला हवं तेव्हा मोटेनं पाणी उपसून घेता येई. तळगावाला मात्र बांधातली मोरी उघडली तरच पाणी मिळे. मोरीला सागवानी झडप होती. ती वर्षातून एकदाच, थंडीत, ज्वारी पोटरीत आली, म्हणजे कणसं बाहेर पडायच्या बेतात आली, की उचलायची, अशी रीत होती.

ही रीत घालून दिली होती एका राणीनं. तिच्या काळात ही दोन्ही गावं पाण्यावरून एकमेकांची डोकी फोडत. राणीनं तलाव बांधला, बांध घातला, आणि मग दोन्ही गावांच्या वडीलधाऱ्यांना एकेकटं बोलावलं. एकाच्या कानात तिनं एक आकडा सांगितला, दुसऱ्याच्या कानात दुसरा. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला, आणि आलेला मोठा आकडा मोरीच्या वर, काळ्या दगडात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा कोरवला.

त्र्याऐंशी लाख एक्क्याऐंशी हजार एकशे सदतीस.

त्याखाली दोन ओळी होत्या. ‘दोन आकडे, एक पाणी. ज्याचा आकडा हरवेल, त्याचं पाणी हरवेल.’

तेव्हापासून प्रत्येक गावाचा आकडा गावातलं एकच माणूस राखी. ते थकलं की मरण्याआधी दुसऱ्या एकाच्या कानात सांगे. झडप उचलायच्या दिवशी दोन्ही गावांची ही माणसं बांधावर येत आणि तलावाच्या राखणदाराच्या कानात आपापला आकडा सांगत. राखणदार ना उगमगावचा, ना तळगावचा. त्याचं घर बांधावरच असे. तो आपल्या कोठीत जाऊन ओल्या वाळूवर काठीनं गुणाकार करी, उत्तर दगडाशी ताडून बघी, आणि वाळू हातानं सपाट करून बाहेर येई. जुळलं की झडप वर. इतक्या पिढ्यांत ते कधी जुळलं नाही, असं झालं नव्हतं.

दगडावरचा तो आकडा मोठा हट्टी होता. शेवटचा अंक सात, म्हणून त्याला दोननं भाग जात नसे की पाचनं जात नसे. सगळ्या अंकांची बेरीज एकतीस, म्हणून तीन आणि नऊ यांचंही काही चालत नसे. सातनं भागावं तर दोन उरत. अकरानं भागावं तर सहा उरत. दोन्ही गावांतली पोरं गुरं राखताना बांधावर बसून तो आकडा फोडायचा खेळ खेळत, आणि कंटाळून पोहायला जात. वाटसरू पंडित यायचे, दगडापुढं मांडी ठोकायचे, दुपारपर्यंत पाटी भरून टाकायचे आणि संध्याकाळी गुपचूप वाटेला लागायचे. त्या आकड्याला फोडणारे आकडे जगात दोनच होते, आणि ते दोन्ही कुणाच्या तरी पोटात सुरक्षित होते.

आता ही गोष्ट ज्या वर्षाची, त्या वर्षी तलावाची राखणदार होती सोनकी.

सोनकी वयानं लहान, अंगानं काटकुळी, आणि स्वभावानं अशी की टिटवी ओरडली तरी हातातली घागर निसटावी. दाराची कडी वाजली की तिचं काळीज उडे. मागून कुणी हाक मारली की ती आधी दचके आणि मग ओ देई. तिला वाढवलं होतं तिच्या आत्यानं. आत्या तलावाची राखणदार होती, आणि त्याच श्रावणात ती वारली होती. जाण्याआधी तिनं सोनकीला झडपेचे दोर दाखवले, वाळूची कोठी दाखवली, गुणाकार घोटून घेतला. दोन आकडे मात्र सांगितले नाहीत. “वर जाताना माणसाला बरोबर नेता येतं ते एवढंच,” आत्या म्हणाली होती. “ते माझं मला नेऊ दे. तुझे तुला ते दोघं सांगतील.”

लहानपणी सोनकी घाबरली की आत्या तिला दगडापुढं बसवी आणि म्हणे, फोड बघू हा. मग सोनकी भाग देत बसे. तेरानं भागलं, अकरा उरले. सतरानं भागलं आणि उरला अवघा एक. त्या दिवशी तिला वाटलं होतं की फुटलाच, आणि ती रडवेली झाली होती. पण भाग देता देता तिची धडधड थांबायची, हे मात्र खरं. मोठी झाल्यावरही तिनं ती सवय सोडली नाही. माणसांचा तिला भरवसा वाटत नसे, कोण कधी ओरडेल सांगता येत नाही. आकडा कधी ओरडत नाही. त्याला सतरानं कधीही भागा, सकाळी भागा, संध्याकाळी भागा, एकच उरतो.

झडपेचा दिवस उजाडला. बांधावर दोन्ही गावं जमली. एका अंगाला उगमगाव, दुसऱ्या अंगाला तळगाव, मधे मोरी. तळगावच्या बायकांनी पाटाच्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलं होतं. ज्वारी पोटरीत होती आणि रानाला भेगा पडायला लागल्या होत्या. त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नव्हता. आणखी आठवडाभर पाणी मिळालं नाही, तर कणसं भरणार नाहीत, हे पोरासोरांनाही माहीत होतं.

उगमगावचा आकडा राखणारे होते गोंदाजी नाना. भरदार मिशा, भरदार आवाज. गावातली शेताची वाटणी असो की भावाभावांचा बांध असो, नाना बसल्याशिवाय काही ठरत नसे. माणूस वाईट नव्हता. पण आपलं ते बरोबर असतंच, अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत होती, आणि ती मोडायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. नाना पुढं आले, सोनकीच्या कानाशी वाकले आणि खाकरले. त्या खाकरण्यानं सोनकी एवढी दचकली की मागं सरकलीच. उगमगावात हशा पिकला. मग नानांनी आकडा सांगितला. आज तो गुपित राहिलेला नाही, म्हणून इथं सांगायला हरकत नाही. दोन हजार तीनशे सत्तेचाळीस.

मग तळगावच्या ठकूआजी पुढं आल्या.

ठकूआजी वाकलेल्या होत्या, पण जिभेनं ताठ. तळगावात त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी सोनकीच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी तोंड नेलं. सोनकीला त्यांचा श्वास ऐकू आला. आकडा आला नाही. तिनं वाट पाहिली. श्वासच आला. मग अगदी हळू, एखाद्या लहान पोरीसारख्या आवाजात आजी म्हणाल्या, “बाय, गेला गं तो.”

सोनकीनं कान आणखी जवळ नेला.

त्या पावसाळ्यात दोन्ही गावांत तापाची साथ होती, आणि आजींना मोठा ताप आला होता. तापातून त्या उठल्या, पण आकडा उठला नाही. रोज सकाळी चूल पेटवताना त्या तो मनात म्हणत. एके सकाळी चूल पेटली आणि ओठांवर काही आलंच नाही. आज येईल, उद्या येईल, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या माणसाला तो आधीच सांगून ठेवायला हवा होता, हे त्यांनाही कळत होतं. पण थोरल्या सुनेला सांगावा तर धाकटी रुसेल, धाकटीला सांगावा तर थोरली चूल वेगळी मांडेल. आणि खरं सांगायचं तर आकडा दुसऱ्याला दिला की आपण निघायला मोकळ्या, असं त्यांना वाटे, आणि त्यांना इतक्यात निघायचं नव्हतं.

आजींनी दोन-तीन आकडे सांगून पाहिले. सोनकी कोठीत गेली, गुणाकार करून पाहिला. शेवटी सात येण्यासाठी दुसऱ्या आकड्याच्या शेवटी एकच यायला हवा, आणि आजींच्या एकाही आकड्याच्या शेवटी एक नव्हता. ती बाहेर आली आणि तिनं नाही म्हणून मान हलवली.

आजींच्या दोन्ही सुना पुढं झाल्या आणि त्यांनी दोन्ही अंगांनी सासूला धरलं. त्या दिवशी त्या पहिल्यांदाच एका बाजूला उभ्या होत्या, असं नंतर लोक सांगत.

नाना दगडाजवळ गेले. त्यांनी खालच्या दोन ओळींवर बोट फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या वाचल्या. आपल्याला वाईट वाटतं, असं ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. पण उगमगावची वस्ती वाढली आहे, मोटा पुऱ्या पडत नाहीत, आणि नियम काही आपण केलेला नाही. तळगावाला प्यायला पाणी लागेल तेवढं घड्यांनी न्यावं, कुणी अडवणार नाही. झडप मात्र आता उचलायची नाही, ना यंदा, ना पुढं. तळगावच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, मग आम्ही जायचं कुठं? नानांनी दगडाकडं बोट दाखवलं. उगमगावची माणसं पायांकडं बघू लागली, पण पायांकडं बघत ती उभी राहिली, हेही तितकंच खरं.

“राखणदार,” नाना सोनकीकडं वळले, “आमचा आकडा खरा, त्यांचा हरवला. पाणी उगमगावचं, असं तू आता सगळ्यांसमोर म्हण. म्हणजे रीत पुरी होईल.”

इतके डोळे एकदम आपल्याकडं वळलेले सोनकीनं कधी पाहिली नव्हती. आणि घाबरली की ती जे करी, तेच तिनं आपसूक केलं. तिनं दगडाकडं पाहिलं आणि भाग द्यायला सुरुवात केली. सातनं, दोन उरले. तेरानं, अकरा. सतरानं, एक.

पण त्या दिवशी तिच्या कानात आणखी एक आकडा होता. आणि मन आपल्या सवयीनं त्या आकड्याकडं वळलं, तसं तिला असं काही दिसलं की ती घाबरायचंच विसरली.

आजवर सगळे म्हणत आले होते की राणीनं एका पेटीला दोन किल्ल्या केल्या. एक हरवली तर पेटी मिटली. पण दोन किल्ल्यांचं आणि दोन आकड्यांचं एक नसतं. किल्ली हरवली तर दुसऱ्या किल्लीकडं बघून ती घडवता येत नाही. आणि आकडा?

तिनं मनातला हिशेब तिथंच, पहिल्या अंकावर थांबवला. तो पुरा करायचा हक्क तिचा नव्हता. राखणदारानं ऐकलेल्या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा, त्याहून जास्त त्या आकड्यांशी काही करायचं नाही, अशी तिची शपथ होती. आयुष्यभर जो आकडा फुटावा म्हणून ती बसून राहिली, तो आज बोटाच्या टोकावर आला होता, आणि तिनं बोट मागं घेतलं.

मग ती बोलली. आवाज मोठा नव्हता, पण बांधावर एवढी शांतता होती की शेवटच्या माणसालाही तो ऐकू गेला.

“नाना, तुमचा आकडा खरा, हे मी कशावरून म्हणू?”

नानांना आधी कळेचना. मग ते हसले. आजवर दर वर्षी जुळत आलाय ना, असं त्यांनी विचारलं.

“जुळत आला, तो आजींच्या आकड्याशी,” सोनकी म्हणाली. “त्यांचा तुमच्याशी आणि तुमचा त्यांच्याशी, असे ते एकमेकांना खरे करत होते. आता त्यांचा नाही म्हटल्यावर तुमचा मी कशाशी जुळवू?”

“म्हणजे मी खोटं बोलतोय?”

नानांचा आवाज एवढा चढला की झाडावरचे पारवे उडाले. सोनकी दचकली, पण मागं सरकली नाही.

“तसं नाही म्हणत मी. तुम्हीही पावसाळ्यात आजारी होता, हे मला माहीत आहे. तुमच्या आकड्यातला एखादा अंक इकडचा तिकडं झाला असेल, तर तुम्हाला तरी कसं कळेल? आणि खरा ठरवता न येणारा आकडा आणि हरवलेला आकडा, त्या दगडाला दोन्ही सारखेच. मग त्या ओळीप्रमाणं पाणी दोघांचंही गेलं.”

आता उगमगावच्या माणसांनी माना वर केल्या. मोटा बंद, असं एकानं दुसऱ्याच्या कानात म्हटलं, आणि ते सगळ्यांपर्यंत जायला वेळ लागला नाही. नाना मिशीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, की आपला आकडा खरा आहे हे एकट्यानं दाखवायचा काही मार्ग आहे का.

आहे, सोनकी म्हणाली. नानांच्या आकड्यानं दगडावरच्या आकड्याला भागायचं. काही उरलं तर तो खोटा. काहीच उरलं नाही तर तो खरा. भागाकार नानांनी आपल्या हातानं करायचा.

नानांचा चेहरा खुलला. वाटण्या करण्यात त्यांचे केस पिकले होते, भागाकाराला ते कशाला भितात. ते तरातरा कोठीकडं निघाले. सोनकीनं त्यांच्या हातात काठी दिली, वाळू सपाट केली, आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तळगावचं जे काही असेल ते आपण असं चोरून बघू नये, असं तिला वाटलं.

पण एक अडचण होती. नानांना मनातल्या मनात हिशेब येत नसे. त्यांचे ओठ हलल्याशिवाय आकडा हलत नसे, आणि त्यांचं पुटपुटणंही चार माणसांना पुरेल एवढं होतं. सोनकीनं कानांवर हात ठेवले, तरी तिला ऐकू येत राहिलं.

“आठ हजार तीनशे एक्क्याऐंशी. यात आपला जातो तीनदा.” काठी खरखरली. “उरले, वरचा एक खाली घेतला, तेरा हजार चारशे एक. यात पाचदा.” पुन्हा खरखर. “आता सोळा हजार सहाशे त्रेसष्ट. यात सातदा. राहिले दोनशे चौतीस.”

मग काठी थांबली.

काही उरणार की काय, असं तिला वाटलं. कारण तिनं तरी कुठं खात्री करून घेतली होती. नानांनी खरंच एखादा अंक चुकवला असता तर दोन्ही गावांचं पाणी तिच्या एका वाक्यानं बुडालं असतं.

“वरचा सात खाली घेतला,” नाना म्हणाले. या वेळी ते खरोखरच हळू बोलले. “दोनशे चौतीसच्या पुढं सात.”

दोन हजार तीनशे सत्तेचाळीस.

“हा तर माझाच आकडा उरला, पोरी. नेमका माझाच. एकदा जातो. आणि आता खाली काही नाही.”

नाना वाळूकडं बघत होते. भागाकाराच्या वरच्या अंगाला, त्यांनी आपल्या हातानं एकामागून एक लिहिलेले चार अंक होते. तीन, पाच, सात, एक. आपला आकडा खरा करता करता आपण काय लिहून बसलो, हे त्यांना तेव्हा कळलं. तीन हजार पाचशे एकाहत्तर. तळगावचा आकडा.

“तू हे आधीच ओळखलं होतंस,” नाना म्हणाले.

“आकडा ओळखला नव्हता. तो कुठं आहे ते ओळखलं होतं.”

नानांनी हात पुढं केला. त्यांचा रुंद पंजा वाळूवर, त्या चार अंकांच्या वर येऊन थांबला. एका फटकाऱ्यात ते गेले असते. सोनकीनं तोवर मान वळवली होती, आणि तिनं तो हात पाहिला.

“हे मी पुसलं तर?”

“पुसा,” सोनकी म्हणाली. तिला स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं, इतका तो स्थिर होता. “पण तुमचा आकडा खरा आहे, हे दाखवणारं तेवढंच आहे. ते पुसलंत तर तुमचंही पुसलं जाईल. आजींचे अंक वगळून तुमचा आकडा खरा ठरतो, असा भागाकार मला तरी येत नाही.”

नाना वाळूवरच बसले. आपल्या आयुष्यात त्यांनी कितीतरी वाटण्या केल्या होत्या, आणि प्रत्येक वाटणीत आधी आपला वाटा मोजायचा, मग उरेल ते समोरच्याचं, असाच त्यांचा हिशेब असे. उरेल ते म्हणजे काहीतरी किरकोळ, असं त्यांनी धरलं होतं. इथं मात्र आपला वाटा नीट मोजला, तर समोरच्याचा वाटा एका अंकानंही कमी होत नव्हता, जास्त होत नव्हता. तो काळ्या दगडात आपल्या आकड्याच्या जोडीनं राणीच्या काळापासून उभा होता, आणि आपण तो रोज जाता-येता बघत होतो.

“राणी मोठी बेरकी होती,” अखेर ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. वाळू त्यांनी मग पुसली, पण ते चार अंक ओठांत घेऊन.

बाहेर दोन्ही गावं ताटकळली होती. नाना सरळ तळगावच्या बाजूला गेले. तिथली माणसं बाजूला झाली, कारण हा माणूस कशासाठी येतोय हे त्यांना कळेना. नाना ठकूआजींपुढं वाकले आणि त्यांच्या कानात चार अंक बोलले.

आजींचा चेहरा आधी कोराच राहिला. मग त्यांच्या कपाळाच्या आठ्या एकेक करून सुटल्या. त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ आपोआप हलायला लागले. घरातलं हरवलेलं लेकरू दारात दिसावं, तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर आलं. पण नानांकडं बघताच जिभेला धार आली.

“एवढ्या मोठ्यानं काय सांगतोस गोंद्या, अख्ख्या रानाला ऐकू गेलं असेल.”

मग त्या दोन्ही सुनांचे हात सोडवून सोनकीकडं आल्या आणि तिच्या कानात आकडा सांगितला. या वेळी अडखळल्या नाहीत. सोनकी कोठीत गेली. तिनं गुणाकार केला. करायची गरज नव्हती, पण रीत म्हणजे रीत, आणि शिवाय तिला तो स्वतःच्या हातानं एकदा बघायचा होता. शेवटी सात आला, त्याआधी तीन, त्याआधी एक, पुन्हा एक, आठ, तीन, आणि अखेर आठ. लहानपणापासून ज्याच्या दारावर ती धडका देत होती, ते दार आतून उघडताना तिनं पाहिलं. मग तिनं वाळू सपाट केली.

ती बाहेर आली आणि म्हणाली, “जुळलं.”

एका दोराला उगमगावानं हात घातला, दुसऱ्याला तळगावानं. झडप कुरकुरली, सोनकी दचकली, आणि पाणी पाटात उतरलं. संध्याकाळपर्यंत ते तळगावच्या शेवटच्या वावरात पोचलं होतं. त्या वर्षी कणसं भरली. उगमगावच्या मोटाही थांबल्या नाहीत. तलावात दोघांपुरतं पाणी होतं. ते आधीपासूनच होतं.

दुसऱ्या दिवशी नाना आणि आजी दोघंही बांधावर येऊन बसले. बराच वेळ त्यांचं काय चाललं होतं ते कुणाला कळलं नाही, मधूनमधून आजींचा वाद घालण्याचा आवाज तेवढा येत होता. पण त्या दिवसापासून रीत बदलली. आता उगमगाव राखतं तळगावचा आकडा, आणि तळगाव राखतं उगमगावचा. झडपेच्या दिवशी प्रत्येक जण राखणदाराच्या कानात शेजाऱ्याचा आकडा सांगतो. विसरला, तर शेजारीच भागाकार करून त्याला आठवण करून देतो, कारण विसरलेला आकडा शेजाऱ्याचाच असतो. आणि आजींनी आपला नवा आकडा दोन्ही सुनांना एकाच वेळी, एकीच्या डाव्या आणि दुसरीच्या उजव्या कानात सांगून टाकला, आणि त्यानंतरही त्या बरीच वर्षं जगल्या.

सोनकी पुढंही टिटवीला दचकतच राहिली. पण माणसांचा आवाज चढला की ती आता दगडाकडं बघे, आणि तिचा आवाज आपोआप स्थिर होई. आकडा फोडायचा खेळ मात्र तिनं सोडला होता. एका संध्याकाळी कुणा पोरीनं विचारलं, राणीनं असा आकडा का निवडला असेल, की ज्याला दोघांखेरीज कुणीच भागू शकत नाही? सोनकी म्हणाली, तिसऱ्या कुणी यात हात घालू नये म्हणून. पोरीनं विचारलं, मग एकालाच का नाही दिला? सोनकी हसली. एकट्याचा असता तर तो खरा आहे हे त्याला कोण सांगणार, ती म्हणाली, आणि झडपेचे दोर तपासायला निघून गेली.

बोध इतकाच, की शेजाऱ्याचा वाटा पुसून कुणाचाच वाटा खरा ठरत नाही.